भंगारातलं इंजिन आणि ह्यांचा डावा कान

शुक्रवारी मला शांततेने जाग येते. टेमघरला नांदायला आल्यापासून लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, खडखडाट आठवडाभर उशाशी असतो. त्यातच झोप लागते, त्यातच भाजी चिरून होते. शुक्रवारी लूम बंद, आणि मग कुणाकडे कुकर लागला, कुणाच्या गच्चीवर कावळा बसला, सगळं ऐकू येतं. इतर बायकांना ही विश्रांती वाटते. त्या एका शुक्रवारी सकाळी मात्र माझ्या छातीत धडधड होत होती, आणि तीही, मेली, स्वच्छ ऐकू येत होती.

त्या दिवशी आमच्या जुन्या गाडीत बसवलेलं दुसरं इंजिन पहिल्यांदा सुरू व्हायचं होतं. गाडी म्हणजे ह्यांची तरुणपणची हौस: दोन माणसांची, बिनटपाची, तांबडी, ठेंगणी स्पोर्ट्स कार, कधीकाळी परदेशातून आलेली. मुंबईच्या एका कापडव्यापाऱ्याच्या गॅरेजात ती धूळ खात पडली होती. हे ती घेऊन आले तेव्हा भावकी पोट धरून हसली; ह्या खड्ड्यांच्या गावात जमिनीला टेकणारी गाडी कशाला, म्हणून. नव्या संसारात आम्ही तिच्यातून काल्हेरच्या रस्त्याने खाडीपर्यंत जायचो. आज जिथे गोदामांच्या भिंती आणि ट्रकांच्या रांगा आहेत, तिथे तेव्हा भातशेतीचा हरित विस्तार होता, आणि त्यातून आमच्या गाडीचा तो घनगंभीर, किंचित घोगरा स्वर आमच्याही पुढे धावायचा. आवाजात केवढी ओळख साठलेली असते, नाही? कोपऱ्यावर ती घोगरली, की मी भाकरी तव्यावर टाकायची.

मग इंजिन जाम झालं, सुटे भाग मिळेनात, आणि गाडी आमच्या लूमच्या कारखान्याच्या कोपऱ्यात कोऱ्या कापडाखाली निजली. तिच्यामागोमाग ह्यांचे कान जाऊ लागले. लूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला हे नवीन नाही. उजवा संपला; डाव्याबद्दल डॉक्टर म्हणाले, उरलंय तेवढं ऐकून घ्या. त्या संध्याकाळी हे म्हणाले, "एकदा गाडी ऐकायची हाय." ह्यांनी कधी कशाचा हट्ट धरला नव्हता. मी काय नाही म्हणणार?

सलीमभाई मिस्त्रींनी वळकडच्या एका भंगाराच्या गोदामातून इंजिन शोधून आणलं, कामगारांची ने-आण करून मोडीत निघालेल्या गाडीचं. चेनपुलीवर टांगून ते खाली सोडलं, तर थोरल्याचं पाऊल धाकट्याच्या चपलेत कोंबावं तशी गत. शेवटी जुनी बैठक कापून नवी वेल्डिंग केली, तेव्हा कुठे ते बसलं. "भाभी, इंजिन अच्छा है, पण आवाज वेगळा येईल हां," सलीमभाई म्हणाले, आणि मला घास गोड लागेनासा झाला. उरलेलं ऐकणं ह्या परक्या आवाजावर खर्ची पडलं तर? ह्यांचं तोंड उतरलेलं मला बघवेल का? मी सायलेन्सर बदलून काही होतं का, असंही विचारून पाहिलं. ते हसले. "गला एक का, आवाज दूसरे की, कैसे होगा भाभी?"

इंजिन आतून ठोकतंय की नाही हे लूम चालू असताना कुणाला ऐकू येणार? म्हणून शुक्रवार, आणि तोही जुम्म्याच्या नमाजाआधी. सलीमभाई उघड्या बॉनेटखाली वाकलेले, मी चावीपाशी, आणि हे गाडीच्या डाव्या अंगाला, कान पुढे करून उभे. पहिल्यांदा इंजिन खोकून बंद पडलं. दुसऱ्यांदा लागलं. बारीक, घाईघाईचा, शिवणयंत्रासारखा आवाज. सलीमभाईंनी अंगठा दाखवला. माझी मात्र ह्यांच्याकडे बघायची छाती होईना.

पाहिलं, तर हे डोळे मिटून, कानामागे हात धरून, हसऱ्या चेहऱ्याने थांबलेले. मग डोळे उघडून मला म्हणाले, "लाव ना चावी. घाबरतेस कशाला?"

सलीमभाईंनी मान फिरवली. लूमच्या गोंगाटात आमचं निम्मं बोलणं वर्षानुवर्षं खुणांनीच झालेलं. डावा कान कधी पूर्ण गेला, ते शेजारी झोपणाऱ्या मलासुद्धा कळलं नव्हतं. ज्या निराशेच्या धास्तीने मी झुरले, ती त्या क्षणी मला किती हवीहवीशी वाटली म्हणून सांगू!

मी उतरले आणि ह्यांचा तळवा उचलून मडगार्डवर ठेवला. लूमवाल्यांना यंत्राचं दुखणं हातानेच कळतं, त्या खडखडाटात दुसरं साधन तरी कुठलं असतं? ह्यांचा चेहरा आधी गोंधळला, मग ह्यांना उमगलं. "ही आपली न्हाय," हे म्हणाले. मग दार उघडत, "पण बस. खाडीपर्यंत जाऊ. तू चालव." मी चालवली, रडत चालवली. हे वाटभर डॅशबोर्डवर हात ठेवून बसले होते.

अजूनही शुक्रवारी मला शांततेने जाग येते. कुकर, कावळा, सगळं ऐकू येतं. ह्यांना आता रोजच शुक्रवार. मी ह्यांचा हात उचलून माझ्या छातीवर ठेवते. हे डोळे न उघडता म्हणतात, "चालू हाय."