कधी लागलाय का कुणाचा?

"ही आता वरडणार बघा," अक्का मोबाइलकडे बोट करून म्हणायच्या. पडद्यावरची बाई खरंच ओरडायची. "झालं! घालवला दम. आधी पाणी किती हाय ते बघावं का न्हाई?"

उदगीरच्या एका डाळमिलमध्ये मी गोदाम सांभाळते. अक्का तिथं झाडलोट करायच्या. साठीच्या आसपासच्या, एकट्या राहायच्या. जेवणाच्या सुट्टीत त्यांचे सिनेमे एकाच जातीचे: कुठंतरी एकटी अडकलेली बाई. बर्फातल्या घरात, कोरड्या विहिरीत, बंद लिफ्टमध्ये. आणि फोन एकीचाही लागायचा नाही. बाई सुटायची वेळ आली की अक्का मोबाइल बंद करून डबा धुवायला उठायच्या.

"शेवट नाही बघत?" मी एकदा विचारलं.

"सुटतीच की ती. सुटून कुठं जाती, ते कुठं दावतेत?"

तुम्ही काय उत्तर दिलं असतं? मी पोती मोजायला गेले.

मी यादीवर चालणारी बाई. शनिवारी दुपारी मिल बंद करतानाची माझी नऊ कलमं ठरलेली. पंखे, नळ, मेन स्विच वगैरे. आठवं कलम चपला. धान्यात कुणी चपला घालून जात नाही, सगळ्या दाराशी काढतात. दारात चप्पल नाही म्हणजे आत कुणी नाही. सात वर्षांत हे कधी चुकलं नव्हतं.

त्या शनिवारी दारात एकही चप्पल नव्हती. मी खूण केली, शटर ओढलं, कुलूप लावलं.

लातूरच्या गाडीची वाट बघत स्टँडवर उभी होते. शेजारी चांभार कुणाच्या तरी चपलेचा अंगठा शिवत होता. तो बघताना आठवलं. सकाळी अक्कांच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि त्यांनी जोड पिशवीत टाकला होता. भर उन्हाळा, वर तापलेले पत्रे, आणि मिल उघडणार थेट सोमवारी. मिळेल त्या रिक्षात बसले.

शटर वर केलं. दाराच्या फटीशी दोन पोत्यांवर अक्का शांत बसलेल्या. घामानं निथळत होत्या. बाटलीत निम्मं पाणी. भाकरीचे चार तुकडे केलेले, तीन परत फडक्यात बांधलेले. मोबाइल बंद करून ठेवलेला.

"आल्या का? मी सोमवार धरला होता. पोत्यांच्या थप्पीमागं झाडत होते, तुम्ही शटर ओढलं."

"ओरडायचं नाही का?"

"वरडून काय हुतंय, ते बघते की रोज."

"मग फोन करायचा!" आता मीच ओरडत होते.

"लागत नसतोय, मॅडम. कधी लागलाय का कुणाचा?"

मी त्यांचा मोबाइल सुरू केला. रेंज पूर्ण. अक्का डोळे बारीक करून त्या काड्यांकडे बघत राहिल्या.

"अगं बया, लागत हुता की!" मग माझ्याकडं वळून, "पण लावायचा कुणाला?"

थट्टा होती की काय होतं, मला आजही कळलेलं नाही. तिथंच उभ्याउभ्या मी त्यात माझा नंबर घातला. "पुन्हा अडकले की लावते," त्या हसून म्हणाल्या आणि तुटक्या चपला हातात घेऊन निघाल्या.

दिवाळीनंतर अक्का यायच्या थांबल्या. खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, "भोकरकडं गेल्यात म्हणं कुणाकडं तरी." मी वही काढली. त्यांची हजेरी होती, सुट्ट्या होत्या, दिवाळीला दिलेल्या साडीचा रंगसुद्धा होता. नंबर नव्हता. त्या दिवशी मी माझा दिला, त्यांचा घेतलाच नाही. माझ्यासारखीकडून हे कसं राहिलं?

आता आठवं कलम बदललंय. शटर ओढण्याआधी मी चपला काढून आत जाते, थप्पीमागं डोकावते आणि हाक मारते, "अक्का!"

"मॅडम, कुणाला बोलावताय?" बाहेरून मिलमधल्या बायका हसतात.

मी थोडी थांबते. मग मोबाइल बघते. रेंज पूर्ण असते.