कौल मिळेपर्यंत वेशीबाहेर

गौरजापुढे एकच प्रश्न होता. वह्या घ्यायच्या की नाही?

गावपळण ठरली होती. दर तीन वर्षांनी आमचा अख्खा गाव, माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा, घरं बंद करून तीन दिवस वेशीबाहेर झोपड्यांत राहायला जातो. चौथ्या दिवशी मानकरी देवाला कौल लावतात. देवानं होकार दिला तर परत, नाहीतर मुक्काम वाढला. का जायचं, असं विचाराल तर दहा जण दहा कारणं सांगतील.

गौरजाची नऊ वर्षांची सृष्टी शाळेत जात नव्हती. पहिलीत असताना पोर रोज सकाळी ओकायची. शेवटी गौरजानं ठणकावलं, "मीच शिकवतलंय घराकडे!" नवरा धनेश बोटीवर, तो फोनवरून 'बरा' म्हणाला आणि सुटला. गाव मात्र हसला. "मास्तरीण इली!" गौरजा इरेला पेटली. भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं आणि तीन वर्षं रविवारसुद्धा पाळला नाही. पोर फुलली, खोटं कशाला बोला? पण आई पार पिचून गेली. परवा सृष्टीनं विचारलं, समुद्र खारट का? तर ही खेकसली, "कित्या कित्या करू नको!" आणि मग न्हाणीत जाऊन रडली. 'दमले' हा एवढासा शब्द तिच्या तोंडून फुटत नव्हता. फुटला की गाव म्हणणारच, "तरी सांगत होतंव!"

वह्या पिशवीत गेल्याच.

झोपडीत बसून तिनं गणिताची वही उघडली, तर सृष्टी गायब. शोधत गेली तेव्हा पोर म्हाताऱ्या महादूपुढे उकिडवी बसलेली. महादू झावळं बांधत होता.

"आजोबा, गाव कित्या सोडतत?"

"अगो, गाव दमता. आमची भांडणा, आमचो धूर, आमचो कचरो, सगळा सोसता. तेका चार दिस एकटो सोडूक नको?"

"घर पण दमता?"

"दमता तर!"

"आणि माणूस?"

"माणूसय दमता. पण सांगणा नाय, मेलो!" महादू खदखदून हसला.

माडाआड उभी असलेली गौरजा तशीच मागे फिरली. त्या दुपारी ती तीन तास झोपली. उठली तर संध्याकाळ झालेली, आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. याचं तिला जरा वाईटही वाटलं.

दुसऱ्या दिवशी कितीतरी महिन्यांनी तिला स्वतःलाच एक प्रश्न पडला. एवढ्या झोपड्यांत कोंबडीला आपली झोपडी कळते कशी? मायलेकींनी कोंबडीच्या पायाला लाल दोरा बांधला आणि दिवसभर तिच्या मागे हिंडल्या. उत्तर काही सापडलं नाही. पण मजा आली बाई!

चौथ्या दिवशी गाव गाठोडी बांधून वेशीवर जमला. कुणाला नोकरी, कुणाला दुकान, सगळ्यांना घरची ओढ. गौरजा मात्र मनातल्या मनात देवाला विनवत होती, नको देऊस रे बाबा, एवढ्यात नको.

मानकरी परत आले. "कौल नाय! उद्या बघूया."

सगळे वैतागले, आणि गौरजा सगळ्यांदेखत खळखळून हसली.

"काय गो, हसतंस कित्या?" सासूनं, सुशीलाबाईंनी, विचारलं.

हसता हसता गौरजाचे डोळे भरले. "आई, मी दमलंय. खूप दमलंय."

आता ते 'तरी सांगत होतंव' येणार, म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली. सुशीलाबाईंनी तिच्या खांद्यावरची वह्यांची पिशवी काढून घेतली.

"तीन वर्सां बघतंय. भिंतीवरच्या त्या कागदार माझा नाव खंय आसा?"

गौरजानं मान वर केली. विचारलं ते सृष्टीनंच, "आजये, तू काय शिकवतलंस?"

"आधी तुझ्या आवशीक झोपूक शिकवतंय," सुशीलाबाई म्हणाल्या. "मगे तुझा बघूया."