हाताने फिरवलेला बोल्ट

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. स्वातीला, म्हणजे माझ्या बायकोला, तर नाहीच. चार वर्षं झाली. मधे दोनदा सांगायचं ठरवून तिच्यासमोर बसलो, आणि दोन्ही वेळा वीजबिलाविषयी बोलून उठलो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — हाही भित्रेपणाच, नाही का?

सुरुवात अगदी फालतू आहे. आमच्या गाडीच्या पुढच्या ब्रेकचे कॅलिपर गंजले होते. चाकाच्या आत डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणारा जो लोखंडी भाग असतो, तो. अलॉय चाकांच्या फटींतून तो गंज दिसायचा आणि मला खुपायचा. दसऱ्याच्या पूजेआधी ते लालभडक करायचे, असं डोक्यात बसलं. गॅरेजला कशाला? दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या माणसाला हाताला ग्रीस लागलं की उगाच कर्तबगार वाटतं. व्हिडिओ पाहिले, ब्रश आणला, उष्णता सोसणारा रंग आणला आणि खंडेनवमीच्या सकाळी वाघोलीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाकं काढून बसलो. स्वातीच्या भावाने फोनवर बजावलं होतं, "दाजी, ब्रेकला घरी हात लावू नका." तिसऱ्या मजल्यावरचे काका जाता जाता म्हणाले, "काय हो, गाडीला लिपस्टिक?" मी हसलो. खरं तर राग आला होता.

उजवा झाला. डावा रंगवला, वाळू दिला, जागेवर बसवला, बोल्ट हाताने फिरवून घेतला आणि पान्यासाठी हात मागे केला — पाना नाही. आईने पान्यांची पेटी वर नेली होती. खंडेनवमी ना! विळी, कात्री, हातोडा आणि माझे पाने, सगळं पुसून पाटावर मांडलेलं. मी वर पोचेपर्यंत हळदकुंकू वाहून झालं होतं. "आता उद्या उचलेपर्यंत हात लावायचा नाही हं," आई म्हणाली. पूजलेलं हत्यार कुणी मधेच उचलत नाही, तुम्हालाही माहीत असेल. काकांकडे पाना मागता आला असता. पण त्या लिपस्टिकनंतर त्यांच्याच दारात जायचं? डिकीतला पाना फक्त चाकाच्या नटांना बसणारा; त्याने चाक चढवलं, जॅक काढला. बोल्ट उद्या आवळू, म्हटलं. लाल रंग झकास दिसत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वाती एकटी गाडी घेऊन माहेरी निघाली, लोणी काळभोरला, भावाला सोनं द्यायला. तिच्यासाठी ही साधी गोष्ट नव्हती. एकोणचाळिसाव्या वर्षी ती गाडी शिकली होती, पहाटे डबे करून. नोकरीही लोणीच्याच कॉलेजात, रोज दोन बस बदलून. आज एकटीने रस्ता जमला की दिवाळीनंतर रोज गाडीनेच जायचं, असं तिचं ठरलं होतं. झेंडूचा हार घातलेली गाडी गेटबाहेर पडताना मी हात हलवला.

वर आलो. आई पाटावरचं एकेक उचलत होती. पान्यांची पेटी तिने माझ्या हातात दिली आणि मला आठवलं.

फोन घेतला. स्वातीचा नंबर काढला. विसरलो होतो, ते एक वेळ समजण्यासारखं आहे. पण आता तर आठवलं होतं ना? मी फोन लावला नाही. का? ती रस्त्याकडेला थांबली असती, भावाला बोलावलं असतं, आणि तो सणाच्या दिवशी सगळ्या घरादारासमोर म्हणाला असता, सांगितलं होतं ना दाजींना. बस, एवढंच. एवढ्यासाठी. मी मनाशी म्हटलं, हाताने चांगला घट्ट फिरवलाय, पंधरा-सोळा किलोमीटर तर जायचंय — आणि फोन पालथा ठेवला. वीस मिनिटं त्या पालथ्या फोनकडे बघत बसलो. मग तो वाजला.

थेऊरच्या पुढे बोल्ट गळून पडला होता. कॅलिपर चाकात अडकला, गाडी डावीकडे ओढली गेली आणि विजेच्या खांबावर आदळली. स्वातीचं मनगट मोडलं. ती प्रत्येकाला सांगत होती, मी ब्रेक दाबला, गाडीच ओढली गेली. भाऊ म्हणाला, "तायडे, ब्रेक समजून दुसरंच दाबलं आसंल. हात नवीन हाय तुझा." दवाखान्यात सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

गॅरेजवाल्याने मला बाजूला घेऊन विचारलं, हे कुणी खोललं होतं? आधीच्या मेकॅनिकने, मी म्हणालो. घरी आलो तर स्वाती प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून माझी वाट बघत होती. "तू तरी सांग ना — ब्रेकमध्ये काही निघालं?"

"ब्रेक ठीक होते," मी म्हणालो. "घाबरल्यावर होतं असं." तिचा दुसरा हात हातात घेऊन म्हणालो हे.

मनगट दीड महिन्यात जुळलं. गाडीला तिने पुन्हा हात लावला नाही. अजून दोन बस बदलते, संध्याकाळी पाय सुजलेले असतात. पुन्हा चालव, असं मी एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं, तर तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला असता.

गेल्या महिन्यात माझ्या ऑफिसातले चौघे जेवायला आले होते. गाड्यांचा विषय निघाला आणि स्वाती हसत हसत सांगू लागली, "अहो, मी ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि वर गाडीलाच नावं ठेवत होते!" आधी ती 'सगळे म्हणतात' असं म्हणायची. आता तिला तसंच आठवतं. पाय कसा सरकला, किती जोरात दाबला गेला, सगळं तिने टेबलाखाली पाय दाबून दाखवलं. पाहुणे हसले. मीही हसलो आणि त्यांना आमटी वाढली.