पाठीला रंधा

२०२३ साल. आधार कार्डावर माझं वय तेव्हा चौऱ्याहत्तर होतं. खरं किती, ते आईला ठाऊक होतं आणि ती जाऊन जमाना झाला. शाळेत मी तिसरीपर्यंत गेलो, तीही अर्धीच. बाकीचं शिक्षण सुतारकामात, लाकूड तासायच्या वाकस अन् रंध्यावर झालं. नागपुरात बर्डीवरच्या कितीतरी दुकानांची काउंटरं, शोकेस माझ्या हातची आहेत. आजही तिथून जाताना लोक काचेच्या आतले कपडे बघतात, मी लाकडाचा सांधा बघतो. माझा सांधा कुठं उघडलेला नाही. ही मिजास मला तेव्हा होती आणि लिहितानाही आहे, ती गेली असं म्हणालो तर खोटं होईल.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता माझे जावई आमच्याकडे राहायला आले. कोराडीला वीज केंद्रात ठेकेदाराच्या हाताखाली ते फिटर होते. उन्हाळ्यात त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, जीभ सुधारली, हात मागं राहिला. कोराडीच्या खोलीत दिवसभर एकटे भिंतीकडे बघत बसतात म्हणून माझी मुलगी त्यांना घेऊन माझ्याकडे आली. बायको गेल्यापासून मी एकटाच होतो, घरात जागा होती. मुलगी बर्डीवर कपड्याच्या दुकानात कामाला जायची. दिवसभर घरात आम्ही दोघं, सासरा अन् जावई.

आमच्यात जावयाला अहो-जाहो करतात, पहिलं ताट त्याला वाढतात. ते सगळं मी करत होतो. पण सासऱ्याच्या घरी बसून खाणारा जावई मला पटत नव्हता आणि सरळ न बोलता ते त्यांना कळेल अशी सोयही मी करत होतो. ते झोपेत असताना खोलीच्या दाराशीच मी झाडू मारायचो, जरा जोरात. पेपर वाचत बसले की म्हणायचो, "वाचा, वाचा. आम्हाले कुठं सवड होती वाचायले."

ते ऐकून घ्यायचे. दवाखान्यातून रबराचा एक चेंडू दिला होता, तो डाव्या हातानं दाबत राहायचे.

एक दिवस त्यांनी वर छपराला बांधून ठेवलेल्या वाशाकडे बोट केलं. "मामाजी, हे लाकूड कायचं हो?"

"धामणाचं."

"कशाले ठेवलं?"

"कावडीले लागते, कुदळीच्या दांड्याले लागते. वाकते, पण मोडत नाही. आमचे वडील याचं धनुष्य करत. खाप्याकडे नदीच्या काठाले वावर होतं, तिथं रानडुकरं हाकलाले."

"मले शिकवा."

मी हसलो. म्हणालो, "पाना धरवत नाही तुमच्यानं, अन् धनुष्य करता?"

"म्हणूनच म्हणून राहिलो," ते म्हणाले. "चेंडू दाबून दाबून चेंडूच नरम झाला. हात तसाच आहे."

मी वासा खाली काढला.

धनुष्याचं काम सोपं दिसतं, पण ते सुताराच्या कामाच्या उलट असतं. सुतार रेघ मारतो अन् लाकडाला रेघेवर आणतो. धनुष्यात लाकडाची स्वतःची रेघ असते, आपण तिच्या मागं जायचं. त्याला दोन बाजू असतात. पोट ओढणाऱ्याकडे, पाठ समोर. तासायचं ते पोट. पाठीची साल काढली की संपलं, तिला हत्यार लावायचं नाही. पाठीतला लाकडाचा उभा धागा तुटला तर धनुष्य तिथंच मोडतं. हे मी जावयांना इतक्या वेळा सांगितलं की शेवटी मी तोंड उघडलं की तेच म्हणायचे, "पाठीले हत्यार नाही."

वडिलांची आणखी एक रीत होती. ज्यानं ओढायचं त्यानंच तासायचं, मध्ये दुसऱ्यानं हात घालायचा नाही. दोरी लावून वाकवताना कुठं अडतं, कुठं जास्त लवतं, ते ओढणाऱ्याच्या हाताला कळतं. वडील माझ्या धनुष्याजवळ बसून बिडी ओढत राहायचे, पण बोट लावत नसत. मीही जावयांना तसंच सांगितलं. म्हणालो, "मी फक्त तोंडानं शिकवीन."

ते अंगणात बसून तासू लागले. उजव्या हातात वाकस, डाव्यानं लाकूड दाबून धरायचं. सुरुवातीला लाकूड त्यांच्या हातातून सुटून जायचं. मग ते पायाखाली धरायचे, मी म्हणायचो, "हातानं." ते परत हातानं धरायचे. घाम यायचा. मला त्यांचं काम बघवत नव्हतं. एक घाव इकडे, एक तिकडे, खड्डे पडलेले. माझ्या हाताखाली असं काम करणाऱ्याला मी बर्डीवरून हाकलून दिलं असतं. पण तोंड सोडून दुसरं काही वापरायचं नाही असं मीच म्हणून बसलो होतो.

वाकसीचं काम संपल्यावर कानस, मग फुटक्या काचेनं खरवडणं. काचेनं धामणाची बारीक, केसासारखी सालपटं निघतात. ते त्यांना जमलं. दोरी सैल बांधून धनुष्य खुंटीला अडकवायचे, थोडं ओढायचे, लांब उभं राहून बघायचे, मग येऊन कुठंतरी दोन हात काच फिरवायचे. मी बाजेवर बसून बघायचो. एकदा म्हणाले, "मुठीच्या खालचं अंग अजून अडून राहिलं." मी बघितलं तर खरंच अडत होतं. बरोबर असलं की बोलायची मला सवय नाही.

ठेकेदारानं त्यांची जागा दिवाळीपर्यंत धरून ठेवली होती. पण दोन्ही हात चालतात का, ते आधी कळव म्हणाला होता. एका रात्री जेवताना ते मुलीला म्हणाले, "धनुष्य झालं की आपल्या हातानं ओढून पाहतो. ओढलं गेलं तर सोमवारी फोन करून येतो म्हणतो. नाही ओढलं गेलं तर दुसरा माणूस लावा म्हणतो."

मुलगी म्हणाली, "बांबूच्या खेळण्यावर नोकरी लावून राहिले का तुम्ही?"

"धामण आहे वं ते," मी म्हणालो. तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ती त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होती.

पाठीवर मधल्या मुठीच्या थोडं वर एक गाठ होती. तिथं लाकूड फुगून वर आलेलं. गाठीभोवतीचा धागा वळून जातो, म्हणून तो फुगवटा तसाच ठेवायचा असतो. मीच सांगितलं होतं, "दिसले वाईट दिसते, पण त्याच्यातच जीव आहे." जावयांनी तो तसाच ठेवला होता.

शनिवारी मुलगी त्यांना घेऊन दवाखान्यात गेली. शेजारचा आला. रेल्वेतून रिटायर झालेला, माझ्याच वयाचा, दिवसातून दोनदा येऊन माझ्या बाजेवर बसतो. त्यानं धनुष्य उचललं, डोळ्यासमोर धरलं, गाठीवर बोट फिरवलं.

"का गा मिस्त्री, याले गळू झालं का?"

"गाठ आहे ते. ठेवा लागते."

"मले नको सांगू. म्हातारपणी हात गेला म्हण. उद्या पोराटोराईनं पाह्यलं तर म्हणतील मिस्त्रीच्या घरचं काम आहे."

"जावयाचं काम आहे."

"हो, पण घर तर मिस्त्रीचं आहे ना."

तो हसत गेला. मी तिथंच बसलो. धनुष्य समोर होतं. पोटाकडून ते चांगलं झालं होतं, मी आयुष्यात कबूल करणार नाही इतकं चांगलं. पण तो फुगवटा मला दाताखाली खडा आल्यासारखा वाटू लागला. उद्या ते ओढताना गल्लीतले दोन-चार लोक बघायला येणार, माझ्या अंगणात, आणि त्यांना तेच दिसणार.

मी रंधा आणला. पातं घासलं. मनात म्हणालो, फक्त कडा मोडतो, एक हात. एका हातानं एक बाजू गेली म्हणून दुसरी बाजू सारखी करायला दुसरा. हाताला इतक्या वर्षांची सवय, तो सपाट झाल्याशिवाय थांबत नाही. मी जेव्हा थांबलो तेव्हा पाठ आरशासारखी झाली होती आणि गाठीचा गोल डोळा उघडा पडला होता. बारीक सालपटं पायाशी पडली होती. ती मी उचलून नालीत टाकली. तेल लावलं, म्हणजे नवीन कापलेलं दिसणार नाही, अन् पाठ भिंतीकडे करून खुंटीला टांगलं. तेल लावताना मला कळत होतं मी काय करून राहिलो ते.

तरी मला वाटलं, टिकेल. धामण आहे.

रविवारी दुपारी शेजारी आला, समोरच्या घरातले दोघं आले, मुलगी दारात उभी राहिली. मी धनुष्य पोट वर करून हातात दिलं, जमलेल्या लोकांपुढं जावयांनी उलटून न बघताच दोरी चढवली. डाव्या हातानं धनुष्याची मूठ घट्ट धरली आणि उजव्यानं हळूहळू ओढलं. डावा हात सुटला नाही. छातीपर्यंत आलं. हनुवटीपर्यंत आलं. मुलीनं पदर तोंडाला लावला होता. मग गाठीपाशी कट् असा आवाज झाला आणि वरचं अंग लोंबलं.

कोणी काही बोलायच्या आत मी बोललो. "हातात जोर नाही तर आवरून ओढायचं होतं. घाई केली तुम्ही."

हे वाक्य मी म्हटलं. वाचणाऱ्याला वाटेल त्या वेळी तोंडातून निघून गेलं. नाही, मी आधीपासून तयार ठेवलं होतं.

जावयांनी मोडलेली जागा डोळ्याजवळ नेली. अंगठा पाठीवरून फिरवला. त्यांनी आयुष्यात एवढंच एक लाकूड तासलं होतं, त्याची इंच न् इंच जागा त्यांना माहीत होती. नुसती साल काढलेलं लाकूड आणि रंधा फिरलेलं लाकूड वेगळं लागतं, हेही मीच शिकवलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मग धनुष्य खाली ठेवून मुलीला म्हणाले, "माझाच हात चुकला. गाठीपाशी जास्त काढल्या गेलं."

लोक निघून गेले. रात्री ताटं वाढताना मुलगी म्हणाली, "मग सकाळी फोन करून सांगून द्या. दुसरा माणूस लावा म्हणा."

"हो," ते म्हणाले. "जमत नाही आता माझ्यानं."

मी जेवत होतो. त्या एका घासाच्या वेळात मी बोलू शकलो असतो. मी भाजी मागितली. मुलीनं वाढली. मी ती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई बाजेवर मोबाईल घेऊन बसले होते. नंबर काढून झाला होता. मुलगी आत चहा ठेवत होती. मी मोरीवरून तोंड धुऊन आलो आणि म्हणालो, "फोन थांबवा."

मग कंपाउंडजवळ गेलो. शेजारी ब्रश करत उभा होता.

"इकडे ये गा."

"चूळ भरून येतो ना."

"तसाच ये."

तो तोंडात फेस घेऊन आला. मुलगी चहाची गाळणी हातात घेऊन दारात आली. मी म्हणालो, "कालचं धनुष्य यांच्या हातानं नाही मोडलं. शनिवारी हे दवाखान्यात गेले, तवा मी पाठीले रंधा मारला. चांगलं दिसावं म्हणून."

बोलून झाल्यावर मला वाटलं कोणी शिवी द्यावी. जावई म्हणाले, "मले माहीत होतं, मामाजी."

मुलीनं त्यांच्याकडे वळून विचारलं, "मंग तुम्ही काहून म्हणलं, माझा हात चुकला म्हणून?"

ते खाली बघत म्हणाले, "घर त्याईचं आहे वं. आपण राहून राहिलो."

इतके दिवस मी सरळ न बोलता त्यांना जे शिकवत होतो, ते त्यांना पाठ झालेलं होतं. मला कुठं बघावं कळेना. मी शेजाऱ्याच्या फेसाकडे बघत राहिलो.

त्यानं बाजूला जाऊन थुंकलं. म्हणाला, "पण ओढलं तर होतं याईनं. हनुवटीपर्यंत आलं होतं, मी पाह्यलं ना. हात कुठं सुटला? लाकूड सुटलं."

जावई आपल्या डाव्या हाताकडे बघू लागले. मूठ आवळली, उघडली. मग त्यांनी फोन लावला. पलीकडे ठेकेदार काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. जावई म्हणाले, "हो, साहेब. येतो. दोन्ही हातानं."

मुलगी आत गेली. मी तिच्या मागं गेलो. तिनं चहाचे तीन कप भरले आणि ते तिथंच ठेवून अंघोळीला निघून गेली. मी एक कप उचलून बाहेर नेला अन् जावयांच्या हातात दिला. त्यांनी डाव्या हातानं घेतला. थोडा बशीत सांडला. ते पिऊन होईपर्यंत मी उभाच राहिलो. मग कप-बशी त्यांच्या हातातून घेतली, मोरीवर नेऊन विसळली आणि पालथी ठेवली.