वजडी धुताना बोलायचं असतं

माझी बायको नर्स होती. सरकारी दवाखान्यात तिनं पुष्कळ वर्षं काढली, शेवटी वॉर्डाची इन्चार्ज होती. तिच्या हाताखाली शिकलेल्या पोरी मयतीला आल्या तेव्हा सांगत होत्या, बाईंना कशाचीच किळस नव्हती. खरं मला एकट्याला माहीत.

लग्न झालं तेव्हा ती सातवी पास आणि मी तिसरीतून पळालेला. नाशकात लाकडाच्या वखारीत कामाला होतो. सासरे सिन्नरला विड्या वळायचे. त्यांनी लग्नाच्या बोलणीतच अट घातली होती, पोरगी पुढं शिकणार. मी हो म्हणालो. तशी पोरगी मिळत असेल तर मी कशालाही हो म्हणालो असतो.

सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साल असेल. नाशकातल्या सरकारी दवाखान्यात नर्सचं लहान शिक्षण सातवीवर मिळत होतं. लग्न झालेली म्हणून आधी नाही म्हणाले, मग घेतलं. ती तिथंच होस्टेलला राहायची, रविवारी घरी यायची. पांढरी साडी अशी कडक की बसली की कागदासारखी वाजायची. मला लय भारी वाटायचं. वखारीत सगळ्यांना सांगून झालं होतं.

पण बाईला किळस फार. कोणी ओकलं तर हिलाही ओकारी. आणि जखम उघडली की सरळ चक्कर. दोन महिन्यांत तीनदा पडली, एकदा तर ड्रेसिंगचा ट्रे घेऊन पेशंटच्याच अंगावर. शिकवणाऱ्या ट्यूटर बाई होत्या, बुटक्या आणि कडक. त्यांनी सांगून टाकलं की आता चौथ्यांदा पडलीस तर पेटी घेऊन घरी. त्या रविवारी ती आली ती रडतच. सिन्नरला बापाला काय तोंड दाखवू, हेच धरून बसली होती.

मला समजूत घालता येत नाही. मी वजडी आणली होती, ती धुवायला बसलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, वजडी म्हणजे बकऱ्याचं पोट आणि आतडी. नीट धुतली तर तिच्यासारखं कालवण नाही, नाही धुतली तर घरात बसवत नाही. आमच्या घरात ती मीच धुवायचो. ती उंबऱ्याच्या आत थांबायची, नाकाला पदर लावून.

त्या दिवशी म्हटलं, ये, बस इथं. हे धुतलंस तर माणसाचं काहीच वाटणार नाही.

आली बिचारी. गरम पाणी ओतलं, चुना लावला, आतडं काडीवर उलटं करायला तिच्या हातात दिलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. गाल फुगलेले, ओठ घट्ट, डोळे मोठे. थोड्या वेळानं डोलायला लागली.

"अगं, श्वास घे की."

"घेते ना."

"कुठं घेतेस? विहिरीत बुडी मारल्यासारखी बसलीस."

तेव्हा कळलं. ट्यूटर बाईंनी पहिल्याच दिवशी सगळ्या पोरींना दम दिला होता, काम करताना तोंड बंद. म्हणजे गप्पा मारू नका. हिनं तोंड बंद केलं आणि वास नको म्हणून नाकही. ड्रेसिंग संपेपर्यंत श्वासच घ्यायची नाही. मग पडणार नाही तर काय. मी इतका हसलो की हातातली वजडी मोरीत पडली. ती चिडली, मग तीही हसली.

मला आईनं लहानपणीच शिकवलं होतं की वजडी धुताना बोलत राहायचं. कोणाशीही, काहीही. बोलणारा माणूस श्वास रोखू शकत नाही. मी तिला बोलायला लावलं. ती ट्यूटर बाईंना नावं ठेवत गेली, आतडी धुतली गेली. कालवण झालं, ती दोनदा वाढून घेऊन जेवली.

पुढच्याच आठवड्यात वखारीत पेठ तालुक्यातून लाकडाची गाडी आली. गाडीवरच्या एका म्हाताऱ्याच्या पायाला कुऱ्हाड लागलेली, वर कसला तरी पाला बांधलेला, आत सगळं सडलेलं. मीच त्याला दवाखान्यात नेला. आणि ड्रेसिंगला नेमकी हीच. मागं ट्यूटर बाई उभ्या. मी दारात. माझ्या डोळ्यापुढं तिची पेटी.

तिनं पट्टी सोडली. वास माझ्यापर्यंत आला. तिचे गाल फुगले. मी बोलू काय, मला तिथं कोण विचारतं. मग तिनं एकदम श्वास सोडला आणि विचारलं, "बाबा, तुमच्या गावाला यंदा काय पेरलंय?"

म्हातारा चकित. पाय कुजलाय आणि शिष्टर पेरणी विचारतेय. म्हणाला, "नागली हाय. वरई हाय."

"कोणती जास्त?"

तो सांगत गेला. डुकरं शेतात शिरतात, सून आळशी आहे, बैल लंगडतो. ही विचारत गेली आणि साफ करत गेली. त्यानं एकदासुद्धा आई गं म्हटलं नाही. पट्टी बांधून झाल्यावर ट्यूटर बाई म्हणाल्या, "बडबड जरा हळू करत जा. ड्रेसिंग चांगलं झालंय."

हे मला तिनं नंतर सांगितलं. कारण तोवर मी दारात आडवा झालो होतो. वजडी धुणारा गडी, माणसाचं मांस बघून पडलो. ट्यूटर बाईंनी विचारलं म्हणे, हा कोण? हिनं सांगितलं, आमचेच आहेत. मग दोघी हसल्या. माझ्या पडण्याचा हा किस्सा तिनं जन्मभर पाहुण्यारावळ्यांत सांगितला, स्वतःच्या पडण्याचा मात्र कधीच नाही.

गेल्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. पाठीला जखमा झाल्या. मुलगी म्हणाली बाई ठेवू, मी नको म्हटलं. पहिल्या दिवशी मी पट्टी सोडली आणि माझं डोकं गरगरायला लागलं. ती पालथी होती, तिला माझं तोंडही दिसत नव्हतं.

"अहो, श्वास सोडा. विचारा काहीतरी."

"काय विचारू?"

"मी काय विचारलं होतं?"

मी विचारलं, तुमच्या गावाला यंदा काय पेरलंय. तर उशीत तोंड घालून म्हणते, "नागली हाय. वरई हाय." मग हसायला लागली. मी दटावलं, हलू नकोस. सहा महिने रोज पट्टी केली, एकदाही पडलो नाही.

आता रविवारी एकट्यापुरती वजडी आणतो. मोरीत बसून धुतो आणि बोलतो. शेजारीण भिंतीवरून विचारते, बाबा, कोणाशी बोलताय? मी सांगतो, तुला काय करायचंय, धुणं चाललंय.