चढावरचे गार्डसाहेब

गार्डसाहेबांच्या तेरवीनंतरच्या पहिल्याच रविवारी मी त्यांची वाट पाहत थांबलो. एकटाच थांबलो असतो तर चाललं असतं, पण मी सगळ्या पार्टीलाच थांबवलं. नवेगाव बांधच्या तळ्यामागच्या टेकडीवर एका ठिकाणी वाट फुटते. तिथं मी नेहमीसारखा सगळ्यांत शेवटी पोचलो. पुढचे बसून होते. मला पाहून ते उठले, पिशव्या खांद्याला लावल्या, आणि मी हात आडवा करून म्हणालो, "थांबा, मागचे येऊ द्या." सगळे परत बसले. कोणी पाणी प्यायलं, कोणी बुटातला खडा काढला. आम्ही सगळे खालच्या वाटेकडं तोंड करून वाट पाहत होतो, आणि त्यात कोणालाच काही चुकीचं वाटलं नाही. बऱ्याच वेळानं सिस्टर म्हणाल्या, "कोन येऊन राहिलं, भाऊ?"

मी खाली पाहिलं. वाटेवर एक वानर बसलं होतं. ते उठून गेलं. मग कोणीच नव्हतं.

आमची पार्टी म्हणजे गोंदियातली रिकामटेकडी दहा-बारा माणसं. रविवारी सकाळच्या गाडीनं किंवा मोटरसायकलींवर निघायचं, एखादी टेकडी चढायची, वर बसून डबे खायचे आणि संध्याकाळी घरी येऊन सोमवारी पाय दुखतात म्हणून सांगत फिरायचं. पुढं सिस्टर. सरकारी दवाखान्यात उभा जन्म काढून रिटायर झालेल्या, त्यामुळं आजही वॉर्डात राउंड घ्यावा तशा चालतात. मागं गार्डसाहेब. मधे बाकीचे, आणि गार्डसाहेबांच्या लागून पुढं मी. माझं कुकर-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसभर स्टुलावर बसणाऱ्या माणसाकडून चढावर जेवढी अपेक्षा करावी, तेवढीसुद्धा मी पुरी करत नाही.

गार्डसाहेब मालगाडीवर गार्ड होते. सगळी नोकरी गाडीच्या शेपटाला बसून झाली. त्यामुळं रिटायर झाल्यावरही त्यांना पुढं चालताच येत नसे, असं आम्ही मानून होतो आणि तेही तसंच सांगत. घरातल्या लग्नाच्या वरातीतसुद्धा ते बँडवाल्यांना सोडून जनरेटरच्या गाडीमागं चालले होते. गळ्यात शिट्टी, खांद्यावर हिरवा दुपट्टा. पार्टीचा नियम त्यांनीच घालून दिला होता. वाट फुटली की पुढच्यांनी थांबायचं. ते येणार, मागं एकदा वळून पाहणार, दुपट्टा वर करून हलवणार, शिट्टी मारणार, मग पार्टी हलणार. तोपर्यंत सिस्टरचीसुद्धा पाऊल टाकायची हिंमत नव्हती. "डायवरचं काम गाडी नेनं होय," ते म्हणत, "गाडी पोचली का नाही, ते मले मालूम रायते."

अलीकडं म्हणे गार्ड हे नाव जाऊन ट्रेन मॅनेजर झालं. मी ही बातमी मोठ्या कौतुकानं त्यांना सांगितली. त्यांनी तोंडातली टेंभराच्या फळाची बी थुंकली आणि म्हणाले, "मॅनेजर हॉटेलात रायते." विषय संपला. तसंच विमानाचं. आम्ही कुठं उघड्यावर बसलो की बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान डोक्यावरून घिरट्या घेत जायचं. एकदा त्यांनी बराच वेळ मान वर करून पाहिलं आणि मला विचारलं, "याच्या मांगं कोन बसते जी?" मी म्हणालो, मागं कोणी नसतं, सगळे पुढंच. "तरीच," ते म्हणाले. "उतरू का नोको, कोनाले इचारावं? म्हनून बिचारं गोल गोल फिरून राहिलं."

ते बोलायचे ते एवढंच. बोलायचं काम माझ्याकडं होतं. आणि इथं मला माझ्या मोठेपणाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. पार्टीत माझे किस्से ऐकायला कोणी तयार नसे. सिस्टर तर मी तोंड उघडलं की चाल वाढवत. दुकानात गिऱ्हाईक ऐकतं, पण त्याचा कुकर माझ्या मांडीवर उघडा पडलेला असतो, त्याला पर्याय नसतो. आपण होऊन किस्सा मागणारा माणूस मला उभ्या आयुष्यात एकच भेटला. खडा चढ लागला, पुढचे वळणाआड गेले, की मागून आवाज यायचा, "तो वरनाचा किस्सा सांगा जी."

वरणाचा किस्सा असा. मी मुलगी पाहायला गेलो होतो. आतून कुकरचा आवाज येत होता आणि मला तो आवाज बरोबर वाटेना. होणाऱ्या सासूबाईंवर छाप पाडावी म्हणून मी बाह्या सारून स्वयंपाकघरात घुसलो आणि म्हणालो, सरका, हे माझं काम आहे. पुढं काय झालं ते मी हातवारे करून सांगतो, कारण त्याशिवाय वरण छतापर्यंत कसं गेलं ते ऐकणाऱ्याला कळत नाही. आणि हातवारे करायचे तर थांबावं लागतं. मी थांबायचो, मागं वळायचो. गार्डसाहेब झाडाला हात टेकून, मान खाली घालून ऐकायचे. मधे "हं" म्हणायचे. मी सासऱ्याच्या पांढऱ्या धोतरापर्यंत पोचलो की त्यांचा दुपट्टा वर व्हायचा. "चला."

शेवट कधीच व्हायचा नाही. मला वाटायचं, त्यांना तो पाठ आहे. चांगल्या किश्शाचं असंच असतं, माणूस शेवटासाठी थांबत नाही, मधल्या मजेसाठी ऐकतो, असा एक सिद्धान्तही मी मांडला होता. घरी बायकोला सांगितला. तिच्या माहेरच्या छतावर तो डाग अजून आहे, तिनं टीव्हीचा आवाज वाढवला.

एकदा मला पुढं जायची हौस आली. नवे बूट घेतले होते. सुरुवातीपासून सिस्टरच्या टाचा धरून चाललो आणि टेकडीच्या माथ्यावर दुसरा पोचलो. वर बसून मागच्यांना नावं ठेवली, जी इतके दिवस मला ठेवली जात होती. सगळे आले, गार्डसाहेब येईनात. डबे उघडले, तरी येईनात. शेवटी आले तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता. मी ओरडलो, "गाडी लेट." ते म्हणाले, "सिग्नल नोहता." मग बराच वेळ दगडाला पाठ टेकून बसले. जेवले नाहीत. उतरताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "तुमी पुढं नोका जात जाऊ जी. मांगं करमत नाही."

हे वाक्य मी किती जणांना सांगितलं असेल. गार्डसाहेबांना माझ्याशिवाय करमत नाही. ते बूट मी नंतर पुतण्याला देऊन टाकले.

आमचं समुद्राचंही ठरत होतं. कोकणात समुद्रातल्या एका बेटावर म्हणे टेकडी आहे. होडीनं जायचं, दिवसभर चढायचं, वरून चारी बाजूंनी पाणी. सिस्टरनं मोबाइलवर फोटो दाखवले. आमच्यापैकी बहुतेकांनी बांधाच्या तळ्यापेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नाही. जन्मभर रेल्वेचा पास असून गार्डसाहेबांनीही पाहिलं नव्हतं. त्यांनी तो फोटो पुष्कळ वेळ हातात धरला, टेकडीवर बोट ठेवून विचारलं, हा चढ किती खडा असेल. मग म्हणाले, थंडीत पाहू. थंडी आली, तर म्हणाले, उन्हाळ्यात पाहू. आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याला होडीची भीती वाटते. मी त्यावरही एक किस्सा रचून ठेवला होता.

गार्डसाहेब वारले त्याच्या आधीच्या रविवारी त्यांनी शिट्टी माझ्याकडं दिली. आतली गोळी घासून गेली होती, आवाज फाटत होता. "तुमी शिट्ट्यांचंच काम करता न?" ते म्हणाले. कुकरची शिट्टी आणि गार्डाची शिट्टी यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, ठेवून जा. घरी आणून ती उघडली, तेव्हा पहिल्यांदा कळलं की ती उघडायची नसते. मग सोल्डर मारून जोडली. फुंकून पाहिली तर फसफसली.

गुरुवारी सिस्टरचा फोन आला. मी एका बाईच्या कुकरला नवी रिंग बसवत होतो. सिस्टर म्हणाल्या, पहाटे झोपेतच गेले. मी म्हणालो, "बरं." फोन ठेवला, रिंग बसवली, झाकण लावून दाखवलं, बाई गेल्या. तासाभरानं त्या परत आल्या, कारण मी त्यांच्या कुकरला दुसऱ्याचं झाकण लावून दिलं होतं आणि ते बसलंही होतं. मी त्यांची माफी मागितली. मग शटर ओढलं आणि कुडव्याला त्यांच्या घरी गेलो. रडू वगैरे काही आलं नाही. तेरवीला मी पंगतीत भात वाढला. चांगला वाढला, असं लोक म्हणाले. अंगावर काही पडलं तरी कळू नये, तसं काहीतरी झालं होतं. त्यानंतर तो रविवार आला, जेव्हा मी सगळ्यांना थांबवून ठेवलं.

त्याच्या पुढच्या रविवारी कोणी निघालं नाही. त्याच्या पुढच्याही. सिस्टरनं स्पष्टच सांगितलं की मागं माणूस नसेल तर त्या पार्टी नेणार नाहीत. जंगल आहे, एखादा राहून गेला तर कोणाला कळायचं नाही. "मग मांगं कोन? बोला न," त्या म्हणाल्या. सगळे माझ्याकडं पाहायला लागले. शिट्टी माझ्याकडं होती. शिवाय मी तसाही मागंच असतो. मी म्हणालो, ती शिट्टी माझी नाही, मी दुरुस्तीला घेतली होती, गार्डसाहेबांच्या घरी वहिनींना परत देऊन येतो, मग बघू. पार्टी मोडली असती तर ती त्या "मग बघू"वरच मोडली असती. मला कोणाच्याही मागं चालायचं नव्हतं. मागं म्हणजे जिथून "वरनाचा किस्सा सांगा जी" असा आवाज येतो, ती जागा. तिथं उभं राहून मी कोणाला सांगणार होतो?

वहिनी अंगणात तांदूळ निवडत होत्या. त्यांच्या आधी त्यांच्या शेजारणीनं मला ओळखलं, तिचा मिक्सर माझ्याकडं आहे. मी शिट्टी वहिनींपुढं ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, सोल्डरच्या गाठीवरून बोट फिरवलं आणि फुंकली. कुकरची शिट्टी होणार होणार म्हणता राहून जावी, तसा आवाज आला.

"हे त कुकर होय," त्या म्हणाल्या आणि शिट्टी माझ्याकडं सरकवली. "तुमच्याच कामाची झाली. ठेवा."

मी म्हणालो, ठेवली तर मला मागं चालावं लागेल. त्या म्हणाल्या, मग चाला, पुढं तरी तुम्ही कधी चालता. हा प्रश्न असा दोन वाक्यांत सुटला. मी शिट्टी खिशात घातली. पण मी खाटेवरून उठलो नाही. खरं सांगायचं तर मी शिट्टी द्यायला गेलो नव्हतोच. गार्डसाहेब माझ्याबद्दल घरी काहीतरी बोलत असतील, ते मला ऐकायचं होतं. म्हणून मी आपणच काढलं, की वहिनी, त्यांना माझ्या किश्शांचं फार होतं. चढ आला की मागायचेच.

वहिनींचा हात सुपात थांबला. "डाक्टरनं चढू नोका म्हनलं होतं त्यायले," त्या म्हणाल्या. "दोन सालापासून. मी म्हनो, नोका जाऊ जी, सिस्टरले सांगतो मी. त म्हनत, सांगजो नोको, मले घरी बसवतील. चढ आला का मी कुकरवाल्याले किस्सा इचारतो. तो थांबते, हात हालवते. तेवढ्यात मी दम घेतो. कोनाले समजत नाही, सारे त्यालेच म्हनतेत, हळू चालते म्हनून."

अंगणात कोंबडी आली. वहिनींनी तिला हाकललं.

झाडाला टेकलेला हात मला दिसला. खाली घातलेली मान दिसली. "मांगं करमत नाही" हेही पुन्हा ऐकू आलं, आता वेगळं. यावर एखाद्यानं गप्प बसावं. मी म्हणालो, "पण ऐकत तर असतील ना, वहिनी? वरणाचा तर त्यांना पाठ होता."

"कायचा पाठ?" वहिनी म्हणाल्या. "त्या वरनाचं पुढं का झालं ते आजवरी समजलंच नाही, म्हनत."

म्हणजे शेवट राहिला होता. धोतराच्या पुढचा सगळा भाग. सासरे काय म्हणाले, मुलगी दारातून कशी हसली, आणि आमचं लग्न त्या हसण्यावरच कसं ठरलं, तो सगळा. मी खाटेवरून थोडा पुढं सरकलो. हात मोकळे केले आणि म्हणालो, "त्याचं काय झालं, वहिनी, की ते वरण—"

वहिनी सूप घेऊन उठल्या.

"राहू द्या जी," त्या म्हणाल्या. "मले कुठं दम लागला हाये?"