तेलताईची साइट घर बदलते

तेलताईच्या अंगाला मशीनतेलाचा वास कायमचा. शिलाई मशीन दुरुस्त करण्यात निम्मं आयुष्य गेलेलं. नियम एकच: आधी मशीन आडवं करून पोट बघायचं, मग गिऱ्हाइकाचं ऐकायचं. "आपोआप बंद पडलं" म्हणणाऱ्याचं मशीन रांगेत शेवटी. "माझ्या हातून पडलं" म्हणणाऱ्याचं पहिलं.

दुकानाच्या मागच्या भिंतीपलीकडे बिनखिडक्यांची इमारत. दर मंगळवारी सकाळी तिथले डिझेल जनरेटर अर्धा तास चालवून बघत, आणि दुकानामागच्या खोलीत ताईच्या आईच्या उशीवर काजळी बसे. आई दिवसभर खोकायची. ताईनं पालिकेत अर्ज दिले, इमारतीच्या बिनपाटीच्या फाटकावर जाऊन पहारेकऱ्याशी भांडली. ढिम्म.

मग एक दिवस होस्टिंग कंपनीचा माणूस फोनवर लाडानं म्हणाला, "ताई, साइटची मुदत संपतेय, वाढवा. तुमची वेबसाइट ज्या संगणकांवर आहे, ते तर अगदी शेजारीच आहेत हो. मागच्या गल्लीतली इमारत आमचीच!"

ताईचा पेचकस हातातच राहिला. सुटे भाग विकणारी तिची साइट त्याच धुराड्यात! जाहिरातीत मात्र यांचं हिरवंगार जंगल.

"हलवायची," ती म्हणाली.

ऑर्डरी सांभाळणाऱ्या धाकट्या भावानं कपाळ बडवलं. "अगं, तुझ्या चिमूटभर साइटनं जनरेटर थांबणार आहे का? हलवताना बंद पडली तर आपल्याकडून भाग घेणारे तिन्ही शिवणकारखाने दुसरा दुकानदार गाठतील. मग बस माश्या मारत!"

"मारीन. पण आईला खोकला लावणाऱ्यांत माझं नाव नको."

तिनं दुसऱ्या तीन होस्टिंग कंपन्यांना एकच प्रश्न पाठवला: तुमची मशीनं कुठल्या विजेवर चालतात, आणि वीज गेली की कशावर?

पहिलीनं झाडांचे फोटो पाठवले. दुसरीनं रोपं लावायचं वचन दिलं. तिसरीकडून एका बाईंनी लिहिलं, "पवनचक्क्यांची वीज घेतो, महिन्याचे कागद सोबत जोडलेत. वीज गेली की बॅटऱ्या. एक डिझेल जनरेटर आहे, खोटं कशाला बोलू? गेल्या वर्षी अकरा तास चालवला. वस्तीपासून लांब आहे. आणि तुमचे स्क्रूचे फोटो भिंतीएवढे आहेत, ते आधी लहान करा. उगाच वीज खातात."

"ही म्हणते, माझ्या हातून पडलं," ताई हसली. "हिचं मशीन पहिलं."

"आणि फोटो?"

"ते तू लहान कर. मोठे काढ म्हणून तूच नाचला होतास."

मंगळवारी सकाळी साइट हलली. दुपारपर्यंत बंदच राहणार होती. एका कारखान्यानं खरंच पाठ फिरवली, तसं कळवूनही टाकलं. भाऊ तोंड फुगवून बसला. तेवढ्यात जुन्या कंपनीचा फोन.

"ताई, आमच्याकडे काय कमी पडलं हो?"

ताई आईच्या खोलीत गेली. उशीवरची काजळी झटकली, खिडकी सताड उघडली आणि धडधडणाऱ्या जनरेटरांकडे फोन धरला.

"ऐका," ती ओरडली. "अर्धा तास आहे. फोन ठेवू नका."